टाके निघाल्यावर

कवटीचं हाड परत बसवलेल्या रुग्णाचे टाके दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान निघतात आणि त्याच दिवशी सगळ्यांच्या हिशेबात तो बरा होतो. डॉक्टर केसपेपरवर जखम चांगली असल्याचं लिहितात, नातेवाईक गावाकडच्या एसटीची वेळ विचारू लागतात, खाट दुसऱ्याला मिळते आणि आम्ही परिचारिकाही तो खाट क्रमांक मनातून पुसून टाकतो. नांदेड-लातूर भागात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काम करताना माझं जे मत बनत गेलं, ते या समजुतीच्या नेमकं उलट आहे. टाके निघतात तेव्हा या जखमेचा सर्वांत कमी पाहिला जाणारा काळ सुरू होतो. शस्त्रक्रिया टिकली की नाही हे पुढच्या अडीच-तीन महिन्यांत ठरतं आणि तेव्हा रुग्ण किनवटकडच्या तांड्यावर, देगलूरच्या वस्तीत किंवा उदगीरच्या एखाद्या गल्लीत असतो. म्हणून या जखमेची शुश्रूषा खाटेवरून मोजू नये, शस्त्रक्रियेच्या तारखेपासून नव्वद दिवस मोजावी, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यावर घेतले जाणारे आक्षेप वजनदार आहेत. ते टाळून हे म्हणणं मांडता येणार नाही.

हे रुग्ण येतात कुठून, ते आधी पाहू. तुळजापूरहून लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला. दुचाकीवर हेल्मेट घालण्याची सवय काही त्या वेगानं वाढली नाही. २०२२ साली देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं दगावली, त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. जे वाचतात त्यांच्यातल्या काहींच्या मेंदूला इतकी सूज येते की कवटीचा मोठा तुकडा काढून तिला जागा करून द्यावी लागते. मोठ्या अर्धांगाच्या झटक्यानंतरही हीच वेळ येते. डोक्याला मार लागलेल्या ४०८ रुग्णांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहा महिन्यांनी हाड काढलेल्या गटातले सुमारे २७ टक्के आणि औषधांवर ठेवलेल्या गटातले सुमारे ४९ टक्के रुग्ण मरण पावलेले होते. मात्र हाड काढून वाचलेल्यांत परावलंबी राहिलेल्यांचं प्रमाणही जास्त होतं. या निष्कर्षाचा पहिला भाग शल्यविशारद सांगतात, दुसरा भाग आमच्या वाट्याला येतो. परावलंबी माणूस कुठं दुखतंय ते सांगत नाही, आपण होऊन कूस बदलत नाही, टाक्यांना हात लावू नये हे त्याच्या लक्षात राहत नाही. काही महिन्यांनी त्याच माणसाचं हाड परत बसवायचं असतं. ते मधल्या काळात कुठं ठेवलेलं असतं? मोठ्या केंद्रांत उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. जिथं ती सोय नाही किंवा विजेचा भरवसा नाही, तिथं रुग्णाच्याच पोटावर, कातडीखालच्या चरबीत कप्पा करून. म्हणजे हाड बसवलं त्या दिवशी जखमा दोन होतात आणि पोटावरची जखम सगळे विसरतात. तिच्यावरून करदोडा घासतो, पायजम्याची नाडी किंवा साडीची निरी बरोबर तिथंच आवळली जाते. करदोडा काढा म्हटलं की घरातल्या वडीलधाऱ्यांचे चेहरे बदलतात. तो वर सरकवून सैल बांधा म्हटलं की ऐकतात. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण करावं लागतं.

आता नव्वद दिवसच का, याचं उत्तर कातडीत आणि हाडात आहे. डोक्याच्या कातडीचा रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे ती लवकर भरून येते असं आपण शिकतो आणि ते खरंही आहे. पण या रुग्णाची कातडी दुसऱ्यांदा, बहुतेकदा त्याच रेषेवर उघडलेली असते. कानापुढून वर जाऊन मागे वळणारी जी मोठी चीर घेतात, तिच्यात कानामागून येणाऱ्या रक्तवाहिन्या आधीच तुटलेल्या असतात. कातडी महिनोन्‌महिने खोलगट जागेवर बसून आखडलेली असते आणि आता तिला पुन्हा फुगीर हाडावरून ओढून शिवलेलं असतं. शिवलेली जखम बाहेरून दहा दिवसांत मिटते, तरी तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिच्यात मूळ कातडीच्या ताकदीचा फार तर पाव-तृतीयांश हिस्सा आलेला असतो. सुमारे ८० टक्के ताकद यायला तीन महिने लागतात आणि त्यापुढे ती फारशी वाढत नाही. आत बसवलेली वस्तू, मग ते रुग्णाचं स्वतःचं हाड असो, टायटॅनियमची जाळी असो की हाडाचं सिमेंट, सुरुवातीला रक्तपुरवठ्याविना असते. अशा वस्तूवर बसलेल्या जंतूंपर्यंत शरीराच्या पेशी धड पोहोचत नाहीत. १९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी माणसांवर प्रयोग करून दाखवलं होतं की कातडीत पू व्हायला एरवी लाखो जंतू लागतात, पण तिथं टाक्याचा धागा असला तर काही शे पुरतात. धाग्याची ही गोष्ट, तर तळहाताएवढ्या जाळीचं काय होत असेल! जाळीवर जंतू आपल्याभोवती चिकट थर धरतात आणि आठवडेच्या आठवडे गप्प राहतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं कवटी उघडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर खोल संसर्गावर ९० दिवस नजर ठेवण्याचा निकष घातला आहे, तो यामुळेच. मुलांमध्ये बसवलेलं हाड विरघळत जाण्याचा धोका तर त्याही पुढे चालतो, पण तो प्रश्न जखमेचा नाही.

वॉर्डातले पहिले दिवस महत्त्वाचे नाहीत, असं मात्र मी म्हणत नाही. शुश्रूषेची सवय तिथंच लागते किंवा बिघडते. डोकं ३० अंशांवर, कातडीखालच्या ड्रेनवर नजर, पट्टी पहिले दोन दिवस कोरडी आणि बंद, हे सगळ्यांना येतं. ड्रेनमधलं पाणी किती आलं हे आम्ही लिहितो. ते कसं आलं, हे लिहिण्याची सवय कमी. लाल पाणी फिकट होत जाणं ठीक. एकाएकी स्वच्छ, पातळ पाणी वाढलं तर मेंदूभोवतालचं पाणी बाहेर येत असल्याची शंका घ्यायची आणि ताबडतोब सांगायचं. ड्रेन जोरानं ओढणारा ठेवायचा की नुसता, हेही विचारून घ्यायचं. हाड बसवल्यावर ओढीच्या ड्रेनमुळे मेंदूला एकदम सूज आल्याची उदाहरणं दुर्मीळ असली तरी नोंदलेली आहेत. यापेक्षा रोजची आणि म्हणून जास्त घातक गोष्ट म्हणजे रुग्ण कोणत्या कुशीवर झोपतो. उजव्या मेंदूला मार लागलेल्या कित्येक रुग्णांना डाव्या बाजूचं भान कमी असतं. त्यांची मान आणि नजर सारखी उजवीकडे वळते, आणि टाके नेमके उजवीकडे. रात्रभर तो आपल्याच जखमेवर डोकं टेकून झोपतो आणि सकाळी कानामागची कडा जांभळट दिसते. त्याला दर तासाला सरळ करणं हा एक उपाय. नातेवाइकाचं स्टूल, पाण्याची बाटली आणि मोबाईल खाटेच्या डाव्या बाजूला ठेवणं हा दुसरा, बिनखर्चाचा. आणि चुंबळ! डोकं टेकू नये म्हणून आया-बायका मायेनं लुगड्याची चुंबळ करून डोक्याखाली देतात. तिच्या कडेवर सगळा दाब येतो आणि आतल्या वर्तुळातलं रक्त अडून राहतं. ती काढायला लावताना नुसतं नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं. मऊ, सपाट घडी करून दाखवली की ती त्याच हातांनी नीट घातली जाते.

घरी गेल्यावर जे होतं ते खपलीपासून सुरू होतं. या साऱ्या विषयात मला एकच चिन्ह शिकवायची मुभा दिली, तर मी खपली शिकवेन. जखम भरताना खपली धरते आणि पडते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. उलट ती धरली म्हणजे जखम सुधारतेय असाच त्याचा अनुभव असतो. गुडघा खरचटला तर तो अनुभव बरोबर आहे. पण कवटीत जाळी किंवा हाड बसवल्यावर पाच-सहा आठवड्यांनी टाक्यांच्या रेषेवर एकाच जागी ज्वारीच्या दाण्याएवढी खपली राहते, पडते, पुन्हा धरते, उशीवर लस लागल्याचा पिवळट डाग दिसतो आणि ताप मात्र नसतो, तेव्हा तिच्याखाली सुईच्या टोकाएवढं भोक असण्याची शक्यता धरलीच पाहिजे. त्या भोकाचं दुसरं टोक थेट जाळीपर्यंत जाऊ शकतं. या टप्प्यावर रुग्ण आला तर काही वेळा छोट्या दुरुस्तीत भागतं. पू वाहायला लागल्यावर आला तर बसवलेला तुकडा काढून टाकावा लागतो, जखम शांत होईपर्यंत महिनोन्‌महिने थांबावं लागतं आणि मग पुन्हा बसवण्याची आणखी एक शस्त्रक्रिया. दुखत नाही म्हणून लोक थांबतात, हे खरं. पण दुखलं तरच या, असं त्यांना कोणी सांगितलं? आमच्या डिस्चार्ज कार्डांवर ताप, पू, सूज हे शब्द असतात, तेही इंग्रजीत. गोरमाटी, तेलुगू किंवा दखनी बोलणाऱ्या घरात ते कार्ड औषधाच्या पिशवीत पडून राहतं. केसांचंही तसंच. केस वाढू लागले की कंगवा फिरतो, तेल लागतं, बायका पदर घट्ट घेतात, पुरुष रुमाल किंवा टोपी घालतात आणि एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत त्याखाली घाम साचतो. डोकं धुवा म्हणून सांगणंही सोपं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं साठवणीच्या पिंपातलं पाणी स्वच्छ असेल असं गृहीत धरता येत नाही. उकळून गार केलेलं तांब्याभर पाणी, साधा साबण, नखं न लावता बोटांची पेरं, आणि टिपायला धुतलेलं सुती कापड. एवढं नेमकं सांगावं लागतं.

जेवणाकडे मी मुद्दाम वेगळं वळते, कारण इथं आपण लोकांना दोष देतो आणि सांगत मात्र काहीच नाही. डाळीनं पू होतो, भातानं जखम चिघळते, वांगं वातूळ, अंडं उष्ण, अशी पथ्यं आपल्याकडे घराघरांत पाळतात. परिणाम असा की ज्या लातूरची तूरडाळ देशभर जाते, त्याच लातुरात जखम भरायच्या दिवसांत रुग्णाच्या ताटातून वरण काढून घेतलं जातं. जखमेला लागणारा नवा धागा प्रथिनांतून विणला जातो. अशा रुग्णाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ५० किलोच्या माणसाला साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. भाकरी आणि पातळ आमटीच्या पाण्यात ती मिळत नाहीत. पथ्य मोडा म्हणून भांडण्यापेक्षा पथ्यात बसेल ते वाढवलेलं बरं: मुगाचं घट्ट वरण, दूध, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे, चालत असेल तर अंडं. तंबाखूच्या बाबतीत मात्र मी एवढी समजूतदार नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि रुग्णालयाच्या फाटकाबाहेर तो कुठं मिळतो हे प्रत्येक नातेवाइकाला ठाऊक असतं. निकोटिन कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, मग ते बिडीतून येवो की गालात धरलेल्या चिमटीतून. ज्या कातडीचा अर्धा रक्तपुरवठा चिरेतच गेला, तिच्यावर ही आणखी एक गाठ.

आता आक्षेप. पहिला शल्यविशारदांकडून येतो आणि तो खोटा नाही: जखमेचं भवितव्य ऑपरेशन टेबलावरच ठरतं. शस्त्रक्रियेला किती वेळ लागला, कातडी किती ताणली, आत रक्त साचलं का, रुग्णाला मधुमेह आहे का, पहिल्या अपघातात तीच जागा मातीनं भरली होती का, यांचं वजन मोठं आहे. हाड परत बसवण्याच्या शस्त्रक्रियेत काही ना काही गुंतागुंत होण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत दहापासून चाळीस टक्क्यांपर्यंत सापडतं. एवढी मोठी तफावत नुसत्या शुश्रूषेमुळे पडते, असं कोणीही शहाणा म्हणणार नाही. पण या आक्षेपातून निष्कर्ष उलटा निघतो. जखम बिघडण्याची बीजं टेबलावर पडत असतील आणि ती उगवायला महिना-दोन महिने लागत असतील, तर मधल्या काळात पाहणारं कोणीतरी हवं. परिचारिका संसर्ग होऊच देणार नाही, असा माझा दावा नाही; तो खपलीच्या टप्प्यावर सापडेल की पुवाच्या, एवढं ती नक्की बदलू शकते. २०१८ साली पुण्यात चार वर्षांच्या एका मुलीच्या कवटीचा मोठा भाग तिच्या मापाच्या खास रोपणानं भरून काढला, तेव्हा सगळीकडे त्या रोपणाच्या बातम्या झाल्या. त्यावरची कातडी पुढचे महिने कोणी सांभाळली असेल, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. रोपण कितीही मापाचं असलं तरी त्यावर झाकण कातडीचंच असतं.

दुसरा आक्षेप प्रतिजैविकांचा: एवढी काळजी कशाला, पंधरा दिवस गोळ्या देऊ. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच म्हटलं आहे की संसर्ग टाळण्यासाठी दिलेलं प्रतिजैविक शस्त्रक्रिया संपल्यावर लांबवू नये. चिकट थरात बसलेल्या जंतूंवर त्या गोळ्यांचा परिणाम तोकडा पडतो. त्या फक्त ताप दाबतात आणि आपलं लक्ष उडवतात. याहून जास्त या मुद्द्यावर लिहिण्यासारखं नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच पाळीतून येतो आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे: माणसं कुठं आहेत? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकवण्याच्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. मराठवाड्यातल्या रात्रपाळीत हा निकष वाचून दाखवला तर लोक हसतील. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या ऑक्टोबरात दोन दिवसांत तीसहून अधिक मृत्यू झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा प्रश्न न्यायालयात चर्चिला गेला, हे अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. जिथं आजचेच रुग्ण पाहून होत नाहीत, तिथं गेलेल्यांना कोण पाहणार? याला माझं उत्तर दोन पदरी आहे. एक, जागा भरणं हे सरकारचं काम आहे आणि कोणत्याही युक्तीनं ते टळू नये. परिचारिकांच्या कल्पकतेचं कौतुक करून पदं रिकामी ठेवण्याचा आपल्याकडचा रिवाज मला अजिबात मान्य नाही. दोन, असलेल्या वेळेतला बराचसा वेळ आपण नको त्या ड्रेसिंगवर घालवतो. शिवलेली, कोरडी जखम पहिल्या ४८ तासांनंतर रोज उघडून, स्पिरिटनं पुसून, पुन्हा बांधण्याची गरज नसते. तरी ट्रॉली रोज फिरते, कारण ड्रेसिंग केलं म्हणजे काम केल्यासारखं दिसतं आणि केलं नाही तर नातेवाईक तक्रार करतात. जुनी पद्धत म्हणून काही वरिष्ठही तोच आग्रह धरतात. तो वेळ नातेवाइकाला जखम दाखवण्यावर लावला तर नव्वद दिवसांची निम्मी शुश्रूषा वॉर्डातच होते. दाखवायचं म्हणजे त्याच्याकडून करवून घ्यायचं: कानामागची कडा कशी बघायची, सूज तळव्यानं कशी चाचपायची, फोटो उजेडात आणि रोज त्याच बाजूनं कसा काढायचा. आणि मग त्यालाच विचारायचं, काय दिसलं तर निघायचं? त्यानं सांगितलं, तर कळलं. मान डोलावली, तर कळलं नाही.

नातेवाईक अडाणी असतात, त्यांच्यावर काय सोडायचं, असंही कुणीतरी म्हणतंच. वॉर्डात कोण कोण थांबतं ते बघा: आई, बायको, नाहीतर बहीण. लघवीची पिशवी किती भरली, झटक्याची गोळी कुठल्या वेळेची चुकली, डोळा आज कालच्यापेक्षा किती उघडला, हे त्या आमच्या तक्त्याआधी सांगतात. त्यांचं पाहणं कमी नसतं. कोणत्या दिसण्याला किती महत्त्व द्यायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. गावातल्या आरोग्य केंद्रावर मात्र आंधळा भरवसा ठेवू नये. तिथल्या सिस्टर कष्टाळू असतात, पण कवटीत जाळी बसवलेला रुग्ण त्यांच्याकडे क्वचितच येतो. खपली दिसली की ती काढून, हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून, वर पट्टी लावण्याचीच शक्यता जास्त आणि त्या एका ड्रेसिंगनं बारीक भोकाचं मोठं भोक होऊ शकतं. म्हणून कार्डावर त्यांच्यासाठी मराठीत ठळक वाक्य हवं: खपली काढू नये, आत काही ओतू नये, फोटो पाठवून फोन करावा.

फोटो पाहून परिचारिकेचा अंदाज चुकला तर जबाबदारी कोणाची, हा शेवटचा आक्षेप. फोटोवरून निदान करायचंच नाही. यायचं की नाही एवढंच ठरवायचं आणि शंका असेल तिथं बोलवायचं. दर आठवड्याला एक फोटो, वॉर्डात एक वही, आणि ज्याचा फोटो आला नाही त्याला दुपारच्या पाळीत एक फोन. आशाताईंना हे आणखी एक काम लावायचं असेल, तर त्याचा मोबदलाही आधी ठरवावा. बोलावल्यावर माणूस येईल का, हा प्रश्न मग शुश्रूषेचा राहत नाही, पैशांचा होतो. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. पुढे तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. तिच्या मूळ पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर दहा दिवसांची तपासणी आणि औषधं धरली होती, आणि रुग्णालयातून घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं एकदाचं भाडंही. दहा दिवस म्हणजे टाके निघाल्यानंतर जेमतेम दीड आठवडा, आणि भाडं म्हणजे फक्त जाण्याचं. मार्च २०२३ पासून एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, म्हणजे सोबत येणाऱ्या आईचा खर्च निम्मा झाला. तिच्या रुग्ण मुलाचं तिकीट पूर्णच आहे. कवटीच्या शस्त्रक्रियेसाठी त्या पॅकेजमध्ये दहाच्या जागी नव्वद दिवस आणि किनवट ते नांदेड असं परतीचं भाडं घालायला जो खर्च येईल, तो काढून टाकाव्या लागलेल्या एका जाळीच्या आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेच्या खर्चाशेजारी मांडून पाहावा. ही आकडेमोड योजनेच्या कार्यालयालाच करता येईल, कारण दोन्ही बिलं त्यांच्याकडेच जातात.